बद्धकोष्ठता: अडलंय कुठे, ते आधी पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत बद्धकोष्ठतेवर आलेला लेख वाचला. भरपूर पाणी प्या, पालेभाज्या खा, रोज चाला, रात्री झोपताना इसबगोल घ्या, असा त्याचा सगळा सूर होता. त्यातलं काहीच चुकीचं नाही. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात गेली, शस्त्रक्रिया विभागात आणि नंतर स्त्रीरोग विभागात अधिपरिचारिका म्हणून. हे सगळं मनापासून करूनही ज्यांचं पोट साफ होत नाही, अशी माणसं मी तिथे सतत पाहिली. आमच्या सोलापूर जिल्ह्यात दोन्ही वेळच्या जेवणात ज्वारीची भाकरी असते. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी आणि डाळ घातलेली अंबाडीची भाजी खाणाऱ्या, दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाया संडासात अर्धा-अर्धा तास बसून घामाघूम होऊन बाहेर येतात. त्यांना चोथा खा आणि चाला म्हणून सांगायचं तरी काय? त्यांची अडचण जेवणात नसतेच. असा लेख वाचून त्यांना वाटतं, आपणच कुठे तरी कमी पडतो आहोत. मग त्या चूर्णाचा एक चमचा दोनवर नेतात. त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे. आपण ते छापाल, अशी आशा आहे. शब्द साधेच वापरले आहेत. या विषयात आडून बोलण्यानेच खूप नुकसान झालं आहे.

आधी आतडं काम कसं करतं ते सांगते. आपण खातो-पितो ते सगळं, शिवाय लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, असा मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर पातळ माल लहान आतड्यात येतो. त्यातला बराचसा तिथेच रक्तात शोषला जातो. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी साधारण दीड लिटर पोचतो. मोठं आतडं त्यातलं बहुतेक पाणी ओढून घेतं आणि शेवटी मळात शंभर-दोनशे मिलीलिटर पाणी उरतं. चांगल्या, मऊ शौचात तीन चतुर्थांश पाणीच असतं. राहिलेल्यात न पचलेला चोथा असतो आणि आतड्यातल्या जिवाणूंचा फार मोठा वाटा असतो. ‘पेशंटने चार दिवस काही खाल्लंच नाही, मग शौचाला होणार कुठून,’ असं नातेवाईक म्हणत, तेव्हा मी त्यांना ही जिवाणूंची गोष्ट सांगायची. जेवण थांबलं तरी मळ थोडा-थोडा तयार होतच असतो.

मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब असतं. त्यातून पुढे सरकायला मळाला साधारण दीड दिवस लागतो. तीन दिवसांपर्यंत लागले तरी ते ठीकच धरतात. तिथे तो जितका रेंगाळेल तितकं पाणी ओढलं जातं आणि तितके त्याचे खडे होतात. दिवसभर आतडं मळ नुसता घुसळत असतं, थोडं पुढे, थोडं मागे. दिवसातून मोजक्या वेळा मात्र मोठी लाट येते आणि लांबपर्यंतचा मळ एकदम पुढे ढकलते. ही लाट मुख्यतः सकाळी जाग आल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर येते. चहा घेतल्याशिवाय होत नाही, असं आपण म्हणतो त्याच्यामागे हेच आहे. झोपेतून उठणं आणि रिकाम्या पोटात काही जाणं, दोन्ही एकाच वेळी घडतं. ती वेळ सहा वाजताच्या एसटीच्या गडबडीत गेली की मग दिवसभर मोठी लाट येईलच असं नाही.

रोज झालंच पाहिजे, ही भीतीही काढायला हवी. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढा मोठा पल्ला नैसर्गिक आहे. अट एवढीच, की शौच मऊ असावी आणि त्रास न होता बाहेर पडावी. मळ साठला की त्याचं विष अंगात भिनतं, ही समजूत आपल्याकडेच आहे असं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सर विल्यम आर्बथनॉट लेन नावाचे नामांकित सर्जन याच समजुतीपायी लोकांचं मोठं आतडंच कापून काढत होते. पुढे ती कल्पना वैद्यकाने सोडून दिली. जाहिरातींनी मात्र ती अजून धरून ठेवली आहे. डोकेदुखी, मुरूम, राग, आळस, सगळ्याला ‘पोट साफ नसणं’ हेच कारण, असं त्या सांगतात. ऐकणारा माणूस एक दिवस चुकला तरी घाबरतो आणि रेचक घेतो. रेचकाने आतडं पूर्ण रिकामं झालं की ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत काही होत नाही, म्हणून तो पुन्हा रेचक घेतो. कितीतरी लोकांची ‘जुनी बद्धकोष्ठता’ अशी सुरू झालेली मी पाहिली आहे.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः लिहिते आहे, तो भाग. मळ शेवटपर्यंत आला म्हणजे काम झालं असं नाही. बाहेर पडणं ही वेगळी क्रिया आहे आणि तिचे स्नायू वेगळे आहेत.

मलाशय एरवी बहुतेक वेळ रिकामं असतं. लाटेबरोबर मळ त्यात उतरला की ते ताणलं जातं आणि आपल्याला शौचाची भावना होते. त्याच क्षणी गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप थोडा सैल पडतो. त्यावर आपला ताबा नसतो. मळाचा, पाण्याचा किंवा वायूचा स्पर्श गुदद्वाराच्या नाजूक आवरणाला होतो आणि काय आलं आहे ते शरीराला कळतं. म्हणून चारचौघांत बसलेला माणूस वायू सोडू शकतो आणि शौच धरू शकतो. देवाने ही जागा किती विचार करून घडवली आहे, याचं मला वॉर्डात नेहमी नवल वाटायचं. बाहेरचा स्नायू आपल्या ताब्यात असतो. आणि या सगळ्याच्या वर आणखी एक स्नायू असतो, त्याचं नाव प्युबोरेक्टॅलिस. गोफणीच्या पट्ट्यासारखा तो मलाशयाच्या शेवटाला मागून वेढा घालून पुढे हाडाला बांधलेला असतो आणि नळी पुढे ओढून धरतो. त्यामुळे मलाशय आणि गुदद्वार यांच्यामध्ये जवळजवळ काटकोन होतो. आपण चालतो, खोकतो, हंडा उचलतो, तरी मळ बाहेर येत नाही, तो बऱ्याच अंशी या वाकामुळे. शौचाला बसल्यावर हा स्नायू सैल पडायला हवा, ओटीपोटाचा तळ थोडा खाली उतरायला हवा, नळी सरळ व्हायला हवी आणि त्याच वेळी पोटाच्या स्नायूंनी वरून दाब द्यायला हवा. उकिडवं बसल्यावर हा वाक जास्त सरळ होतो. कमोडवर बसणाऱ्याने पायाखाली एखादा बुटका पाट किंवा स्टूल घेऊन गुडघे कमरेच्या वर आणले आणि थोडं पुढे वाकलं, तर बराचसा तोच फायदा मिळतो. गुडघे गेलेल्या माणसांना कमोड लागतोच. घरोघरी कमोड बसले, स्टूल मात्र कोणी ठेवलं नाही.

काही माणसांमध्ये नेमकं याच ठिकाणी उलटं होतं. वरून जोर लावला की खालचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात. माणूस जितका कुंथतो तितकी वाट बंद होते. त्याला हे कळत नाही, कारण हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते कसे सोडायचे हे कोणी शिकवलेलं नसतं. त्याला वाटतं जोर कमी पडतो आहे, म्हणून तो आणखी जोर लावतो. मोठ्या रुग्णालयांत जुन्या बद्धकोष्ठतेसाठी पाठवल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी साधारण तिसरा हिस्सा अशा लोकांचा असतो. चूर्णाने त्यांचा मळ पातळ होतो, पोटात कळा येतात, दिवसातून चार वेळा जावं लागतं आणि तरी ‘अजून आत आहे’ ही भावना काही जात नाही. इसबगोलाने यातल्या अनेकांचं पोट उलट जास्त फुगतं.

स्त्रीरोग विभागात याच दुखण्याचं आणखी एक रूप पाहायला मिळतं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या, त्यातली एखादी फार अडलेली, अशा बाईच्या योनीमार्ग आणि मलाशय यांच्यामधला पडदा सैल होतो. जोर केला की मलाशय पुढे योनीत फुगतं आणि मळ गुदद्वाराकडे जाण्याऐवजी त्या फुगवट्यात जाऊन बसतो. अशा बाया योनीत बोट घालून मागच्या बाजूला दाबतात, तेव्हा कुठे मोकळं होतं. हे त्या वर्षानुवर्षं करत असतात. नवऱ्याला सांगत नाहीत, बहिणीला सांगत नाहीत, डॉक्टरांनाही सांगत नाहीत. एका शिक्षिकेने मला हे सांगितलं ते ड्रेसिंगची ट्रॉली आवरून झाल्यावर, खोलीत कोणी नाही हे दोनदा बघून. आपणच काही घाण सवय लावून घेतली आहे, असं तिला वाटत होतं. ‘हे तुमच्या एकटीचं नाही, याला नाव आहे, उपाय आहे,’ एवढं ऐकून ती रडायला लागली. हे पत्र वाचणाऱ्या ज्या कोणी भगिनी असं करत असतील त्यांनी लाजू नये. डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं. निदानासाठी ही माहिती फार मोलाची असते.

अडचण कुठे आहे, हे शोधायला सुरुवातीला एक हातमोजा आणि थोडी जेली पुरते. डॉक्टर गुदद्वारात बोट घालून रुग्णाला आधी आवळायला सांगतात आणि मग शौचाला बसल्यासारखा जोर करायला सांगतात. जोर करताना बोटाभोवती सैलपणा आला पाहिजे. तो येण्याऐवजी आवळलं गेलं, तर संशय तिथेच पक्का होतो. पुढची तपासणीही भयंकर नाही. पन्नास मिलीलिटर पाणी भरलेला लहान फुगा मलाशयात ठेवतात आणि रुग्णाला एकांतात कमोडवर बसून तो बाहेर टाकायला सांगतात. मिनिट-दोन मिनिटांत तो पडायला हवा. दाब मोजणारी बारीक नळी घालून आतले-बाहेरचे स्नायू काय करतात हेही पाहता येतं. आतडंच संथ आहे का, हे पाहायचं तर एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या चोवीस बारीक कड्या असलेली कॅप्सूल गिळायला देतात आणि पाचव्या दिवशी एक्स-रे काढतात. पाचापेक्षा जास्त कड्या आत राहिल्या तर गडबड आहे. त्या पोटभर विखुरलेल्या असतील तर चाल मंद असण्याची शक्यता जास्त आणि सगळ्या खाली गोळा झालेल्या असतील तर बाहेर पडण्यात अडथळा असण्याची. संथ आतड्याच्या लोकांसाठी आता वेगळी औषधं आहेत. त्यांना फक्त चोथ्यावर ठेवणं हा अन्यायच.

उलट आवळण्याच्या दुखण्यावर मुख्य उपाय शिकवणीचा आहे. त्याला बायोफीडबॅक म्हणतात. गुदद्वारात लहान सेन्सर ठेवतात, स्नायू आवळला की सैल पडला हे रुग्णाला समोरच्या पडद्यावर दिसतं आणि बघत-बघत तो स्नायू सोडायला शिकतो. पोटातून श्वास कसा घ्यायचा, श्वास कोंडून न धरता दाब कसा द्यायचा, हेही शिकवतात. अशा रुग्णांवर झालेल्या चाचण्यांमध्ये दहापैकी सहा-सात जणांना याचा चांगला उपयोग झालेला दिसला आहे, आणि तो नुसत्या रेचकांपेक्षा जास्त आहे. हे काम फिजिओथेरपिस्ट करू शकतात. पुण्या-मुंबईत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट आता आहेत. तालुक्याच्या माणसाला मात्र अशी शिकवणी असते हेच माहीत नसतं.

लहान मुलांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे मारहाण होते.

मूल दोन-तीन वर्षांचं असतं. कधी तापाने, कधी नुसत्या दुधावर राहिल्याने, एखाद्या दिवशी शी कडक होते. ती बाहेर येताना गुदद्वाराला चीर पडते आणि कळवळून रडू येतं. मूल त्यातून एकच गोष्ट शिकतं, की शी केली की दुखतं. पुढच्या वेळी भावना झाली की ते धरून ठेवतं. दाराआड जाऊन उभं राहतं, टाचा उचलतं, पाय एकमेकांवर आवळतं, तोंड लाल होतं. आईला वाटतं, बिचारं जोर करतंय. ते जोर करत नसतं, जिवाच्या आकांताने थांबवत असतं. थांबलेला मळ आणखी मोठा आणि आणखी कडक होतो. पुढच्या वेळी आणखी दुखतं. असे महिने गेले की मलाशय ताणून-ताणून मोठं होतं आणि भरलं आहे ही जाणीवच बोथट होते. मग त्या खड्याच्या बाजूने वरचा पातळ मळ नकळत झिरपतो आणि चड्डी भरते. शाळेत मुलं हसतात, बाई घरी पाठवतात. घरी आई मारते, ‘एवढा मोठा घोडा झालास, कळत नाही?’ त्याला खरंच कळत नसतं. पातळ दिसतं म्हणून कोणी जुलाब थांबवायचं औषध देतं, कोणी जंताचं. काही मुलांना याच्याच दाबाने रात्री अंथरुणात लघवी होते, लघवीला जंतुसंसर्ग होतो.

असा एक मुलगा आमच्याकडे आला होता तेव्हा त्याच्या पाठीवर वळ होते. त्याच्या आजीने मारलं होतं आणि तीच त्याला कडेवर घेऊन आली होती. पोटाला हात लावला तर डाव्या बाजूला खालपासून वरपर्यंत मळ लागत होता. त्याला शिस्तीची गरज नव्हती, औषधाची होती. आधी साठलेलं मोकळं करायचं, नंतर कित्येक महिने मळ मऊ ठेवणारं औषध रोज द्यायचं, तेही बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने. दोन दिवस बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही, कारण ताणलेलं मलाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं पाय टेकतील अशा जागी बसवायचं. झालं तर शाबासकी द्यायची, नाही झालं तर एक शब्द बोलायचा नाही. आजीला हे पटलं. पुढच्या खेपेला ती त्याच्यासाठी पाय ठेवायला सुताराकडून पाट करून घेतल्याचं सांगत होती.

अगदी तान्ह्या बाळाचं मात्र वेगळं आहे. जन्मल्यावर पहिल्या चोवीस तासांत काळी शी व्हायला हवी. अठ्ठेचाळीस तास उलटूनही झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर घुट्टी देत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसण्याचा एक जन्मजात आजार आहे. डेन्मार्कच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. साधारण पाच हजार बाळांत एकाला तो असतो आणि त्याला शस्त्रक्रिया लागते.

म्हातारपणीही असंच फसवं चित्र दिसतं. खुब्याचं हाड मोडून पडून असलेल्या आजोबांना दिवसातून पाच-सहा वेळा थोडं-थोडं पातळ होत असतं. घरचे कंटाळलेले असतात, जुलाब थांबवायच्या गोळ्या सुरू असतात. बोटाने तपासलं की आत मुठीएवढा खडा लागतो आणि त्याच्या कडेने हे पातळ पाझरत असतं. अशा वेळी लघवी अडते, माणूस बरळायला लागतो, रात्र-रात्र झोपत नाही. खडा काढल्यावर दुसऱ्या दिवशी तो शुद्धीत बोलायला लागलेला मी पाहिला आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अचानक पातळ व्हायला लागलं तर आधी आत तपासून घ्या, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

औषधांमुळेही बद्धकोष्ठता होते. गरोदरपणात सरकारतर्फे एकशे ऐंशी दिवस लोहाच्या गोळ्या देतात. त्या दिवसांत संप्रेरकांमुळे आतडं आधीच मंद झालेलं असतं, त्यात लोहाने भर पडते. मग ‘गोळ्यांनी पोट धरतं’ म्हणून बाया त्या गुपचूप फेकून देतात आणि रक्त कमीच राहतं. गोळी देतानाच आशाताईंनी हा त्रास विचारला आणि मळ मऊ करणारं सुरक्षित औषध डॉक्टरांकडून मिळवून दिलं, तर कितीतरी गोळ्या पोटात जातील. कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन सुरू केलं तर रेचक त्याच दिवशी सुरू करावं लागतं, कारण हा परिणाम सवयीने कमी होत नाही. ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, कॅल्शियम, मानसिक आजारावरची काही औषधं, यांनीही पोट धरतं. थायरॉइड कमी असणं, जुना मधुमेह ही कारणंही असतात. पार्किन्सनमध्ये तर हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून बद्धकोष्ठता असू शकते.

रेचकं वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. इसबगोल हा चांगला पदार्थ आहे, फक्त तो पाणी धरून फुगतो, म्हणून मोठा पेलाभर पाण्याबरोबरच घ्यायचा. कोरडा किंवा घोटभर पाण्यात घेतला तर तोच अडकू शकतो. सोनामुखी आतड्याला चेतवते आणि सहा ते बारा तासांत काम करते. कधीमधी घ्यायला हरकत नाही. पुष्कळ ‘आयुर्वेदिक’ चूर्णांमध्ये मुख्य काम तीच करत असते, हे डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं वाचावं. साबणाच्या पाण्याचा एनिमा मात्र घरी कोणीही घेऊ नये, आतड्याच्या आवरणाला इजा होते. पूर्वी बाळंतपणाआधी सरसकट प्रत्येकीला एनिमा देत असत, ती पद्धतही आता सोडून दिली आहे.

वेग आला की धरू नये, असं आयुर्वेद फार जुन्या काळापासून सांगत आला आहे आणि शरीरशास्त्र त्याला दुजोरा देतं. भावना दाबली की मलाशय सैल होऊन सामावून घेतं, भावना विरते आणि आतला मळ सुकत राहतो. रोज असं केलं की इशारा येणंच कमी होतं. हे बायका हौसेने करतात का? ऊसतोडीला गेलेल्या बाईला फडात आडोसा नसतो. ती अंधार पडायची वाट पाहते आणि जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी कमी पिते. बाजारच्या दिवशी भाजी विकायला बसणारी, एसटीतली महिला वाहक, बंदोबस्तावरची महिला पोलीस, सगळ्यांचं तेच. शाळेतल्या संडासाला कडी नसते, नळाला पाणी नसतं, म्हणून मुली सकाळी दहापासून घरी येईपर्यंत धरून ठेवतात. २०१४ पासून गावोगावी संडास बांधले गेले, ही मोठी गोष्ट झाली. त्यांत पाणी, दिवा आणि आतली कडी असेल तरच बाई तिथे निवांत बसू शकते. निवांत बसल्याशिवाय ते स्नायू सुटत नाहीत.

काही लक्षणांत मात्र थांबायचंच नाही. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, अंगातलं रक्त कमी होत जाणं, पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलणं. रक्त दिसलं की आपल्याकडे ‘मूळव्याध’ म्हणून मोकळे होतात आणि रस्त्याकडेच्या पाटीवाल्याकडे जातात. त्यात मलाशयाच्या कर्करोगाचे महिनेच्या महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. आणि पोट फुगून वायूही सरत नसेल, उलट्या होत असतील, तर ती बद्धकोष्ठता समजून रेचक देऊ नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

माझं मागणं मोठ्या यंत्राचं नाही. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत जुन्या बद्धकोष्ठतेच्या प्रत्येक रुग्णाची, बाईसाठी सोबत सिस्टर ठेवून, बोटाने तपासणी व्हावी. तपासल्याशिवाय गोळ्यांची चिठ्ठी देऊ नये. प्रत्येक जिल्हा रुग्णालयातल्या किमान एका फिजिओथेरपिस्टला या स्नायूंचं प्रशिक्षण द्यावं. शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाने वजन-उंचीबरोबर ‘शी करताना दुखतं का, चड्डी खराब होते का’ हे आईला एकांतात विचारावं.

आणि आपल्याला एक विनंती. पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा एखाद्या पोटविकारतज्ज्ञाबरोबर अशी शिकवणी देणाऱ्या फिजिओथेरपिस्टलाही लिहायला सांगा. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयात काम करणाऱ्या लुइस आणि हीटन या डॉक्टरांनी १९९७ साली शौचाच्या सात प्रकारांच्या चित्रांचा तक्ता प्रसिद्ध केला, तो लेखासोबत मराठीत छापावा. पहिली दोन चित्रं खड्यांची आणि गाठाळ शौचाची, तिसरं-चौथं चांगल्या शौचाचं, पुढची पातळ होत जाणारी. जी बाई तोंडाने काही सांगू शकत नाही तीही चित्रावर बोट ठेवते, हा माझा वॉर्डातला अनुभव आहे. अर्ध्या पानावर छापलात तर तो कापून दवाखान्याच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लावता येईल. आमच्या भागातल्या अंगणवाड्यांमध्ये तो पोचवण्याचं काम मी स्वतः करीन.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त अधिपरिचारिका, पंढरपूर

(नाव व पत्ता आपल्याकडे स्वतंत्र दिला आहे. माझ्या नावावरून रुग्णांची ओळख लागू नये म्हणून तो छापू नये, ही विनंती.)